गाडी लांबच्या प्रवासासाठी सजतेय

आज दिवसभर बाइकजवळच होतो. रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे तुकडे, बसवल्यावर हँडल थोडं वर, माझ्याकडे आलं आणि मनगटांवरचा भार एकदम हलका झाला. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लचची केबल, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, ते नीट बघून घेतलं.

खरा वेळ खाल्ला फॉग लाइटच्या वायरिंगने. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज हवाच. सगळा करंट थेट स्विचमधून नेला की स्विच तापतो, वायर वितळू शकते. झोतही मुद्दाम खाली ठेवलाय. समोरच्याचे डोळे दिपवून आपण कसले सुरक्षित!

क्रॅश गार्ड लागला. सॅडल बॅगांत जड सामान खाली, दोन्हीकडे सारखं. टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट. उद्या भरल्या गाडीने एक चक्कर, मग सगळे बोल्ट पुन्हा तपासायचेत.