खाडीच्या हवेत बोटीवरील धातूची चकाकी

बेलापूरच्या खाडीकाठी आमच्या मित्रमंडळींची एक छोटी फायबरची बोट असते आणि तिच्यावरच्या कठड्याचे पाइप, दोर बांधण्याचे क्लीट, बिजागऱ्या, दिव्यांच्या चौकटी अशा चकचकीत वस्तूंची देखभाल माझ्याकडे आहे. नवा बोटमालक भेटला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘पॉलिश कोणते वापरता?’ हाच असतो. माझे ठाम मत असे आहे की पॉलिशचा डबा ही या कामातली शेवटची गोष्ट आहे. बोटीवरचा धातू टिकतो तो गोड्या पाण्याने धुतल्यामुळे आणि ते पाणी वाळण्याआधी पुसून घेतल्यामुळे.

याचे कारण मिठाच्या स्वभावात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाणी उडून गेले तरी ते धातूवरच राहतात. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळू लागते; समुद्री क्षारांमधले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलसर होते. म्हणजे दुपारी कोरडा ठणठणीत दिसणारा कठडा आपल्याकडच्या दमट रात्री पुन्हा ओला होतो आणि तोही तीव्र खारट द्रवाने. म्हणूनच सफर आटोपल्यावर खारे थेंब नुसत्या फडक्याने पुसण्याला अर्थ नाही, कारण त्याने मीठ निघत नाही, सगळीकडे सारखे पसरते.

स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा तयार होतो. मात्र मिठातील क्लोराइड त्याला जागोजागी भेदते आणि तिथे बारीक खड्डे पडू लागतात. बोटीसाठी ३१६ प्रतीचे स्टील घ्यावे असे सांगतात ते त्यातील २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम या धातूमुळे, जो अशा खड्ड्यांना आवर घालतो आणि ३०४ प्रतीत नसतो. या दोन प्रतींमधला फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि चुंबक लावूनही कळत नाही, त्यामुळे फॅब्रिकेटरकडून प्रत बिलावर लिहून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

कठड्याकडे जवळून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. पाइपची वरची बाजू, जिच्यावर पावसाचा मारा होतो, ती बहुधा स्वच्छ असते. चहाच्या रंगाचे तपकिरी डाग दिसतात ते पाइपच्या पोटाला, छताखालच्या नळ्यांवर आणि खांबाची चकती जिथे फायबरला टेकते त्या फटीत. पाऊस जिथे पोहोचत नाही तिथे मीठ साठते, आणि फटीत तर ऑक्सिजनही कमी पडत असल्याने फाटलेला पापुद्रा सांधला जात नाही. त्या डागावर नख फिरवावे. तपकिरीपणा वरवरचा असला तर नख सहज घसरते. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला असेल तर ते किंचित अडते. धुताना पाण्याची धार आधी खालून वर मारावी आणि पुसतानाही पाइपच्या पोटापासून सुरुवात करावी.

पाण्याचे पांढरे डाग हा वेगळा प्रकार आहे. ते मिठाचे नसून बहुधा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचे असतात, आणि धुण्यासाठी बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले की हमखास उमटतात. नवी मुंबईकरांना मोरबे धरणाचे पाणी मिळते हे या बाबतीत आपले भाग्यच, तेव्हा घरून दोन कॅन भरून न्यावेत. डाग पडलेच असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून मऊ कापडाने लावावे, दोनेक मिनिटांनी भरपूर गोड्या पाण्याने धुवावे आणि मायक्रोफायबरने पुसावे. स्टीलवरच्या तपकिरी डागांना किराणा दुकानातले लिंबूसत्व पाण्यात विरघळवून चालते. बाथरूमचे अ‍ॅसिड मात्र बोटीच्या आसपासही आणू नये, कारण ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्यातील क्लोराइड नेमके तेच नुकसान करते ज्यापासून आपण धातूला वाचवत असतो. लोखंडी तारेच्या घासणीचेही तेच. तिचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि मग तेच गंजतात.

पॉलिशला महत्त्व नाही असे मला म्हणायचे नाही. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर मीठ कमी अडकते, म्हणून बफिंग, म्हणजे घासून चकाकी आणणे, ही केवळ शोभा नव्हे. पितळेवर क्रोमचा मुलामा असलेल्या वस्तू मात्र घासू नयेत, कारण तो थर फार पातळ असतो. उघड्या पितळेला चिंच चालते, पण नंतर ते पूर्ण धुवावे लागते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने ते पुन्हा काळवंडते, हेही गृहीत धरावे. अ‍ॅल्युमिनियमला आम्ल आणि अल्कली दोन्ही सोसत नाहीत, म्हणून त्याला गाडी धुण्याचा सौम्य शॅम्पू पुरे. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू बसवताना मध्ये नायलॉनचे वॉशर घालावे, अन्यथा खाऱ्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते.

मेण लावायचे ते पूर्ण कोरड्या धातूवर, एरवी अगदी पातळ आणि सावलीत. पाणी थेंबाथेंबांनी गोळा न होता पसरू लागले की थर संपला असे समजावे. महाराष्ट्रात पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या सुमारास अनेक बोटी किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात. आमचीही तेव्हाच झाकली जाते. ताडपत्री टाकण्यापूर्वी सगळे गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेणाचा जाडसर थर न पुसता तसाच ठेवावा आणि ताडपत्री बांबूंवर उचलून धरावी, म्हणजे ती कठड्याला चिकटत नाही आणि खालून वारा खेळतो. मधूनमधून तिच्याखाली हात घालून पाइपचे पोट ओले आहे का ते पाहावे, आणि ओले लागले तर उघडीप मिळताच ताडपत्री काढून पुन्हा धुवावे.