पांडवलेणी आणि 1900 वर्षांपूर्वीचे विणकर

आपल्या सोलापूरची माणसं नाशिकला गेली की त्र्यंबक, पंचवटी, वणी करतात, येताना शिर्डी, झालं. पण नाशिकच्या बाहेर मुंबई हायवेला लागूनच त्रिरश्मी डोंगर आहे अन् त्यात 24 बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लोक पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा काही संबंध नाही. मावशीकडं गेलो होतो तेव्हा अप्पांना घेऊन सकाळीच निघालो, खाली फाळके स्मारक, तिथून पायऱ्या, अप्पांचे गुडघे दुखतात म्हणून बसत बसत चढलो.

आधी 18 नंबरचं चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनेचं लेणं, बघितलं. आत गेल्यावर एकदम गार, दोन्हीकडं खांबांची रांग आणि शेवटी अखंड दगडातला स्तूप. दारावर लेख आहे, त्यात हे धंभिक नावाच्या गावानं दिलेलं दान आहे असं लिहिलंय. एका अख्ख्या गावाचं दान! मला तिथंच भरून आलं.

पण खरी गोष्ट 10 नंबरच्या लेण्यात आहे. क्षत्रप म्हणजे त्या काळचा शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, त्यानं हे लेणं भिक्षूंना दिलं, आणि नुसतं देऊन मोकळा झाला नाही तर त्यांच्या खर्चासाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुणाकडं, तर नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे संघांकडं! एका श्रेणीकडं 2000, महिना शेकडा 1 व्याजानं, दुसरीकडं 1000, महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 चं वर्षाचं व्याज होतं 240, आणि पावसाळ्यात इथं राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12, हिशोब बरोब्बर जुळतो बघा.

मी मोबाईलवर तिथल्या कोरीव लेखाचं भाषांतर वाचून दाखवत होतो आणि अप्पा ऐकत होते. त्यांची सगळी हयात सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या लूमवर गेली, आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा. म्हणाले, "म्हणजे राजाचा जावई विणकराकडं पैसे ठेवायचा? आन् आपल्याला दोन लूम घ्यायला कर्ज मागितलं तर जामीन आणा म्हणायचे." मग परत म्हणाले, "व्याजाचं एवढं वाच की अजून एकदा." मी वाचलं.

मला वाटतं ही गोष्ट सोलापुरातल्या शाळेत पोरांना सांगायला पाहिजे. आपल्याकडं घराघरात कुणीतरी मागावर बसलेलं असतंय, आणि पोरांना हा धंदा म्हणजे मागासलेला, सोडून पळायचा, एवढंच ऐकायला मिळतं. त्या काळात विणकर एकत्र येऊन पिढ्यान्‌पिढ्या चालेल अशी ठेव सांभाळत होते, तेवढी त्यांची पत होती, आणि ते दगडात कोरून ठेवलंय.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पाणी घ्या, आणि 3 नंबरचं लेणं बघून तिथूनच परत फिरू नका. 10 नंबरच्या व्हरांड्यात जरा वेळ काढा.