सही येते, मग साक्षर म्हणायचं का?

तुम्ही विचारलंत, "आईला सही येते, फोन लावता येतो, मग ती साक्षर नाही का?" प्रौढांच्या साक्षरता वर्गाशी ज्याचा संबंध येतो त्याला हे हमखास विचारलं जातं. नुसत्या सहीवरून साक्षर म्हणता येत नाही. सही पुष्कळदा गिरवून बसलेलं चित्र असतं. नाव 'कमल' असेल तर तीच तीन अक्षरं उलटसुलट करून 'कलम' लिहा आणि वाचायला द्या. अडखळली, तर अक्षरओळख अजून व्हायची आहे.

जनगणनेत ७ वर्षं आणि त्यापुढच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, तो साक्षर. या हिशेबानं २०११ साली महाराष्ट्र ८२.३ टक्के साक्षर होता. मात्र प्रगणक वाचून घेत नाही. घरातलं माणूस "येतं" म्हणालं की तशी नोंद होते.

केंद्राच्या सध्याच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढच्यांची १५० गुणांची चाचणी असते. वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना ५०-५० गुण आणि प्रत्येकात किमान ३३ टक्के हवेत. केंद्रानं २०२४ साली केलेल्या व्याख्येत डिजिटल आणि आर्थिक व्यवहारांची समजही धरली आहे. राज्यात ९५ टक्के साक्षरता झाली की ते राज्य पूर्ण साक्षर मानलं जातं. गोव्यानं ३० मे २०२५ रोजी तसं जाहीर केलं. व्याख्या रुंदावली हे योग्यच झालं, कारण रोज वाचावे लागणारे कागदच बदलले आहेत.

शिकवायला बसाल तर 'अ अननसाचा' पासून सुरू करू नका. चित्र बघून शब्द ओळखला जातो, अक्षर तसंच राहतं. क, म, ल ही तीन अक्षरं घ्या आणि त्यांना काना जोडा : काम, माल, काका, मामा, लाल, काल, कमाल. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस अख्खे शब्द वाचायला लागतो आणि टिकतो. भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं.

खरी अडचण रफाराची. तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र त्या अक्षराच्या आधी. त्यामुळे 'कर्ज'चं 'कजर' होतं. आणि गरजेचे शब्द पाहा : कर्ज, अर्ज, खर्च, वर्ग. सगळ्यांवर रफार! पुस्तकात जोडाक्षरं शेवटी येतात आणि तिथवर पोचायच्या आतच सुगी लागते, वर्ग सुटतो. म्हणून काना-वेलांटी झाली की लगेच रफार घ्यावा, क्रम मोडला तरी चालेल.

आकड्यांचंही तसंच. मराठी १ इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठासारखा. बँकेच्या पासबुकात इंग्रजी आकडे, ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी. दोन्ही शेजारी ठेवूनच शिकवावेत.

आता अंगठ्याचं. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द कुणाही कष्टकऱ्यासाठी वापरू नये असं मला मनापासून वाटतं. आज पदवीधरही आधारसाठी बोट टेकवतोच. गावातल्या बँकेच्या सेवा केंद्रावर बोट टेकवून पैसे काढताना शेतात राबून झिजलेले ठसे लागत नाहीत, मग "पुन्हा ठेवा" होतं. दर वेळी यंत्रावरची रक्कम वाचायची, व्यवहार फसला म्हणाले तरी पावती मागायची आणि नंतर पासबुक भरून घ्यायचं. रक्कम वाचता न येणाऱ्याला यातलं काहीच जमत नाही. मोबाइलवर एकच नियम पक्का करा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे आलेत, पिन टाका" असं कुणी सांगितलं तर पैसे जाणार.

समजून वाचणं म्हणजे काय, ते सातबाऱ्यावर कळतं. उताऱ्यावर आपलं नाव वाचता आलं की माणूस हरखतो. पण नाव कंसात असेल, तर त्या नोंदीवरचा हक्क संपल्याची ती खूण असते, आणि तो कोणत्या फेरफारानं (हक्क बदलल्याच्या नोंदीनं) संपला त्याचा क्रमांक शेजारी असतो. अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या शिकलेल्या माणसाच्याही नजरेतून कंस निसटतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि एक एकर साधारण ४० आर. तोंडी सांगताना सगळे एकर-गुंठेच बोलतात, म्हणून ०.४० वाचून "अर्धा एकरसुद्धा नाही" असा समज होतो. 'इतर हक्क' रकान्यात बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. कर्ज फिटलं तरी दाखला देऊन तो कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर उताऱ्यावर तसाच राहतो.

तेव्हा आईची परीक्षा घ्यायचीच असेल तर पाटी नको. तिच्यासमोर तिचंच पासबुक ठेवा आणि तीन गोष्टी विचारा : शेवटचे पैसे कधी आले, किती आले, आता शिल्लक किती. शिल्लकीचा रकाना तिला सापडला नाही, तर पुढचा धडा तिथूनच घ्या.