आधी वाट, मग वायरिंग: घराची आगीची तपासणी

घर आगीपासून सुरक्षित करायचं म्हटलं की बहुतेकांना पहिला आठवतो तो आग विझवायचा लाल सिलिंडर. मी तो सगळ्यात शेवटी घेतला, आणि हाच क्रम बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन खोल्या पेटवून तुलना केली होती. लाकूड आणि कापसाचं जुन्या पद्धतीचं सामान असलेली खोली संपूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. फोमचा सोफा आणि सिंथेटिक पडदे असलेली आजच्या पद्धतीची खोली चार मिनिटांच्या आत पेटली. माणूस झोपेत असेल तर त्या चार मिनिटांतला काही वेळ जाग येण्यातच जातो. धुराच्या वासाने जाग येईल यावर विसंबता येत नाही, उलट कार्बन मोनॉक्साइडमुळे गुंगी वाढते. म्हणून पहिला प्रश्न आग विझवायची कशी हा नव्हे. जाग कशी येईल आणि बाहेर कसं पडता येईल, हा पहिला प्रश्न.

सुरुवात मुख्य दरवाजापासून केली. आतून उघडायलाही किल्ली लागणारं कुलूप होतं, ते काढून आतल्या बाजूने नुसती मूठ फिरवून उघडणारं बसवलं. अंधारात, धुरात, खोकत असताना किल्ली शोधणं आणि भोकात घालणं जमत नाही. मग खिडक्या पाहिल्या. चोर आत येऊ नये म्हणून लावलेली जाळी माणसाला बाहेरही पडू देत नाही, म्हणून प्रत्येक झोपायच्या खोलीत जाळीचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करून घेतला. त्याची कडी आतून, हाताने उघडणारी ठेवली. दरवाजाकडे जाणाऱ्या बोळातून चपलांचं कपाट आणि रद्दीचा गठ्ठा हलवला. बाहेर पडायच्या वाटेवर पेटणारी वस्तू ठेवायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ साधतं.

स्मोक अलार्म घेताना फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणाऱ्या प्रकारचा घेतला. गादी, उशी, सोफा यांची आग आधी बराच वेळ धुमसते. असा दाट, मोठ्या कणांचा धूर हा प्रकार लवकर ओळखतो. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांच्या बाहेरच्या बोळात एक, आणि घराला मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर किमान एक असावा. जागा छताच्या मध्याजवळची. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा साचून राहते आणि धूर उशिरा पोहोचतो, म्हणून कोपऱ्यापासून किमान १० सेंटीमीटर अंतर ठेवलं. छताच्या पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून साधारण १ मीटर लांब, कारण पंखा धूर अलार्मपासून दूर ढकलतो. शेगडीपासून ३ मीटरच्या आत तो लावू नये. तिथे तो फोडणीच्या धुराने रोज वाजतो आणि मग कुणीतरी वैतागून बॅटरी काढून ठेवतं. अलार्म निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. स्वयंपाकघरात त्याऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म लावला. तो साधारण ५७ अंश सेल्सिअसला वाजतो, धुराशी त्याला घेणंदेणं नसतं.

रात्री झोपताना खोलीचं दार बंद ठेवावं. साधं लाकडी दारही धूर आणि उष्णता बराच वेळ अडवून धरतं, पण ते आवाजही अडवतं. म्हणून एकमेकांना जोडलेले अलार्म निवडले. एक वाजला की सगळे वाजतात. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबायचं आणि जाळीवरची धूळ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढायची. मिनिटाभराने एकच बारीक ‘टिक’ ऐकू येत असेल तर बॅटरी संपत आली आहे असं समजावं. बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे कायमचा ठीक आहे असं मात्र नाही. आतला सेन्सर जुना होतो. मागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा.

हे बसवल्यावर रात्री सगळे दिवे घालवून सराव केला. अलार्म वाजवायचा, वाकून किंवा रांगत भिंतीच्या कडेने दारापर्यंत जायचं, कारण खालच्या फूट-दीड फुटात हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघायची. दार गरम असेल तर उघडायचं नाही, फटीत ओला कपडा कोंबायचा आणि खिडकीतून हाक मारायची. लिफ्ट वापरायची नाही. बाहेर एक ठरलेली जागा, तिथे डोकी मोजायची, आणि अग्निशमन दलाला फोन तिथूनच. सरावात लक्षात येतात त्या अगदी बारीक गोष्टी. मुलांचा हात न पोहोचणारी वरची कडी, म्हाताऱ्या माणसाच्या पलंगापासून लांब ठेवलेला चष्मा. दोन्ही त्याच रात्री खाली आणि जवळ घेतल्या.

यानंतर वीज, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घातला. लोकांचा समज असा की एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणजे विजेची आग लागणार नाही. एमसीबी तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेला की पडतो. सैल जोड त्याला दिसत नाही. हिशोब करून पाहा. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. सॉकेटमधला स्क्रू सैल होऊन तिथे फक्त ०.२ ओहम रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) तयार झाला, तरी त्या एका टोकावर १५ वॉट उष्णता तासन् तास निघत राहते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालतं. प्रवाह मात्र नेहमीचाच ८.७ अँपिअर, त्यामुळे एमसीबी गप्प. आत प्लास्टिक करपत जातं, धातूवर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते.

म्हणून हीटर, गीझर, इस्त्री, एसी अशा जड उपकरणांचे प्लग अर्धा तास वापरून झाल्यावर बंद करून काढले आणि पिना बघितल्या. चांगली पीन एकसारखी चकचकीत असते. खराब सॉकेटमधल्या पिनेवर एका बाजूला निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, आणि सॉकेटच्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळं पडून किंचित फुगलेलं असतं. प्लग हाताला कोमट लागला तर चालतं, बोट टेकवून ठेवता येत नसेल तर चालत नाही. असं सॉकेट साफ करून वापरू नये. आतल्या पितळी पट्ट्यांचा ताण गेलेला असतो, त्या पुन्हा घट्ट धरत नाहीत. सॉकेट बदलावं, सोबत प्लगही, आणि तारेचं करपलेलं टोक कापून नव्याने जोडावं. मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल तर दिसेपर्यंत वाट न पाहता मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

बोर्ड उघडून तपासायचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं, पण काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक हवं. प्रत्येक एमसीबीच्या मागे कोणत्या जाडीची तार आहे? साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला १० ते १६ अँपिअर आणि २.५ चौरस मिलिमीटरला १६ ते २० अँपिअरचा एमसीबी असतो. एमसीबी सारखा पडतो म्हणून त्या जागी ३२ अँपिअरचा बसवणं हा घराघरांत दिसणारा घातक उपाय. त्यानंतर एमसीबी पडत नाही, भिंतीतली तार तापते. सारखा पडणारा एमसीबी खराबच असेल असं नाही. त्या सर्किटवर भार जास्त आहे, असं तो सांगत असतो. दुसरा प्रश्न आरसीसीबीचा, म्हणजे विजेची गळती झाली की पडणाऱ्या स्विचचा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ओल लागलेल्या किंवा उंदराने कुरतडलेल्या तारेतून जमिनीकडे होणारी गळती पकडतो. त्यावरचं चाचणीचं बटण दर तीन महिन्यांनी दाबलं की तो पडलाच पाहिजे. न पडणारा आरसीसीबी असून नसल्यासारखा.

एक्स्टेंशन बोर्डावर जड उपकरण चालवायचं नाही. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावायचा नाही. गालिच्याखालून किंवा दारात चेपून वायर न्यायची नाही. गुंडाळलेल्या रिळाची वायर वापरताना पूर्ण उलगडायची, नाहीतर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

स्वयंपाकघरात दोन वेगळे धोके आहेत, गॅसचा आणि तेलाचा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर पसरतो आणि साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताकडे जातो. म्हणून गॅस डिटेक्टर एलपीजीसाठी जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर आणि नैसर्गिक वायूसाठी छताखाली तेवढ्याच अंतरावर लावतात. उलट लावला तर गॅस घरभर झाला तरी तो उशिरा वाजतो. गळती तपासायला रेग्युलेटर चालू आणि शेगडीची बटणं बंद ठेवून जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावलं. गळती असेल तिथे बुडबुडे एकामागून एक फुगत राहतात. काडी ओढून कधीही बघू नये. रबरी नळी दोन्ही टोकांजवळ, क्लॅम्पच्या लगेच पुढे वाकवून पाहावी. चिरा आधी तिथे पडतात. नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर ती दिसायला चांगली असली तरी बदलावी. वास आला तर कोणतंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मग फोन.

तेलाच्या बाबतीत एकच गोष्ट घरातल्या प्रत्येकाकडून करून घेतली, थंड कढईवर झाकण ठेवण्याची. तेलातून धूर येऊ लागला की आच बंद करायची. तापत राहिलं तर सुमारे ३५० अंशांच्या पुढे ते ठिणगीशिवाय पेटतं. त्यात पाणी टाकलं तर पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, वाफेचा आकार पाण्याच्या सुमारे १७०० पट, आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. झाकण धातूचं घ्यायचं, काचेचं तडकू शकतं. ते वरून टाकायचं नाही. ढालीसारखं पुढे धरून आपल्या बाजूने पलीकडे सरकवायचं. आच बंद करायची आणि अर्धा तास तरी झाकण उचलायचं नाही. तेल गरम असताना हवा मिळाली की ते पुन्हा पेटतं. कढई उचलून बाहेर न्यायचा विचारही करू नये.

लिथियम बॅटरीचं थोडक्यात. दुचाकीची किंवा सायकलची बॅटरी दरवाजाच्या वाटेवर आणि सगळे झोपलेले असताना चार्ज करायची नाही. फोन गादीवर नाही. फुगलेली, पडून चेपलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्जरला लावायचीच नाही. ती एकदा पेटली की आग विझवायच्या सिलिंडरमधल्या पावडरने आतली प्रक्रिया थांबत नाही आणि धूर विषारी असतो, त्यामुळे दार ओढून घेऊन बाहेर पडायचं.

आता तो आग विझवायचा लाल सिलिंडर. घरासाठी २ किलोची एबीसी पावडर (घन वस्तू, तेल-पेट्रोल आणि वायू यांच्या आगींवर चालणारी) पुरते. तो जेमतेम १० सेकंद चालतो, म्हणून केराच्या टोपलीएवढ्या आगीसाठीच तो आहे हे मनात पक्कं हवं. जागा बाहेर पडायच्या दाराजवळ, शेगडीजवळ नाही. वापरताना पाठ दाराकडे, अंतर साधारण २ मीटर. पिन ओढायची, नळी ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि डावी-उजवीकडे फिरवायची. एका सिलिंडरमध्ये विझली नाही, किंवा धूर डोक्याच्या उंचीपर्यंत उतरला, तर सोडून निघायचं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिनेचं सील शाबूत आहे ना, नळीच्या तोंडात कोळ्याचं जाळं नाही ना, हे दर महिन्याला बघतो. आणि एकदा थोडासा जरी दाबला, तरी लगेच भरायला पाठवायचा. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात, दाब हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत काटा लाल पट्ट्यात येतो.