पाळी दहा दिवस लांबली तेव्हा

कंडोम फाटल्याचं लक्षात आलं तो पाळी सुरू झाल्यापासूनचा ११ वा दिवस होता. दिवसांचे आकडे मी पुढेही सारखे देणार आहे, कारण माझा सगळा गोंधळ त्या मोजणीतच झाला. माझी पाळी २९ व्या दिवशी येते, फार तर एखादा दिवस मागेपुढे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दिवस जाऊ नयेत म्हणून, इमर्जन्सी गोळी घेतली. लिव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकच. हिला ७२ तासांची गोळी म्हणतात, आणि त्या नावामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तरी चालतं असं वाटतं. तसं नाही. जितका उशीर, तितका तिचा उपयोग कमी. रात्री मळमळलं, डोकं जड झालं, पण उलटी झाली नाही. दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली असती तर गोळी पुन्हा घ्यावी लागली असती, एवढं पाकिटातल्या कागदावर वाचून मी लक्षात ठेवलं होतं. त्याच कागदावरची आणखी एक ओळ नजरेखालून गेली, पण मनात शिरली नाही.

१६ व्या दिवशी आमचा पुन्हा संबंध आला, काहीही न वापरता. चार दिवसांपूर्वीच गोळी घेतली आहे, तिचा परिणाम असेलच, असं आम्ही दोघांनी गृहीत धरलं. १८ व्या दिवशी तपकिरी डाग दिसले. दोन दिवस थोडं थोडं अंगावरून गेलं आणि थांबलं. तो म्हणाला, “आली की पाळी.” मलाही तेच हवं होतं, म्हणून मी मान डोलावली. पण पोट दुखलं नव्हतं, रक्तही नेहमीसारखं नव्हतं. पाळी कशी येते हे आपल्या शरीराला ठाऊक असतं, आणि ही ती नव्हती.

२९ वा दिवस कोरडा गेला.

तिथून पुढचे दिवस मी नीट झोपले नाही. छाती दुखरी, अंग जड, सतत पेंग. पाळी जवळ आली की हे होतं, दिवस गेले तरी हेच होतं, आणि गोळीनेही असं होऊ शकतं. लक्षणांवरून काहीच ठरवता येत नाही हे समजायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत दर तासाला बाथरूममध्ये जाऊन पाहत होते. ३० व्या दिवशी घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, एकच रेष, म्हणजे निगेटिव्ह. ३२ व्या दिवशी पुन्हा, एकच रेष. ३३ व्या दिवशी सकाळी केली तीही तशीच होती. पण दुपारी कचऱ्यातून ती पट्टी काढून पाहिली, तर दुसऱ्या जागी एक फिकट रेघ दिसली. हातपाय गार पडले. त्या संध्याकाळी मैत्रिणीला सांगितलं. तिने काळजीपोटीच सुचवलं की पाळी यायची गोळी घे. मीही आणखी एक इमर्जन्सी गोळी घ्यायचा विचार करत होते. नशिबाने दोन्ही केलं नाही आणि ३४ व्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी आधी तीन प्रश्न विचारले: ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय का, चक्कर येते का, खांद्याच्या टोकाला कळ येते का. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत राहिला असेल तर असं होऊ शकतं, आणि मग एक तासही घरी थांबायचं नसतं. फिट्सची किंवा क्षयाची औषधं चालू आहेत का, हेही विचारलं, कारण त्यातल्या काहींमुळे गोळीचा परिणाम कमी होतो. माझं सगळ्याला नाही होतं. मग त्यांनी विचारलं, “गोळीनंतर पुन्हा संबंध आला होता?”

मी १६ वा दिवस सांगितला. त्यांनी कागद ओढून त्यावर दिवस लिहायला घेतले.

इमर्जन्सी गोळी गर्भ पाडत नाही, त्या म्हणाल्या. ती स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीज आधीच बाहेर पडलेलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. म्हणून बीज पुढे गेलं की पाळीही पुढे जाते. म्हणजे पाळी लांबली ती गोळीने काम केल्यामुळेही असू शकते! पाच दिवस मी जी गोष्ट फक्त वाईट खूण म्हणून पाहत होते, तिचा हा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

पण पुढे ढकललेलं बीज नंतर कधीतरी बाहेर पडतंच. म्हणून गोळीनंतरचे दिवस उलट जास्त जपायचे असतात. गोळी आधीच्या संबंधासाठी असते, पुढच्या नाही. कागदावरची न वाचल्यासारखी वाचलेली ओळ हीच होती.

टेस्टचा हिशोबही माझा चुकला होता. मी पाळीच्या तारखेपासून मोजत होते, आणि ती तारीख तर गोळीने हलवलेली. मोजायचं शेवटच्या असुरक्षित संबंधापासून, आणि २१ दिवस झाल्यावर टेस्ट करायची. ३० व्या दिवशी माझे १४ च दिवस झाले होते, म्हणून त्या एका रेषेवर विसंबता येत नव्हतं. १८ व्या दिवशीचे डाग गोळीचे, पाळी नव्हे. उशिरा दिसलेली अशी फिकट रेघ लघवी वाळल्यानेही उमटते. पट्टी पाकिटावर दिलेल्या मिनिटांतच वाचायची, नंतर तिच्याकडे बघायचं नाही.

त्यांनी तिथेच लघवीची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. तीन दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा, म्हणाल्या, आणि तोवर पाळी आणायला काहीही घेऊ नका. उठताना मी हळूच विचारलं की दिवस गेलेच असतील तर गोळीने बाळाला काही झालं असेल का. नाही, त्या गोळीने गर्भाला इजा होत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे मूल होण्यातही तिची आडकाठी नसते. हा प्रश्न विचारायची हिंमत झाली याचं मला बरं वाटतं, कारण तोच मला सर्वांत जास्त खात होता.

३७ व्या दिवशी पहाटे टेस्ट केली. एकच रेष. पाच मिनिटांनी पट्टी टाकून दिली आणि खरंच परत पाहिली नाही.

३९ व्या दिवशी कंबर भरून आली, पोटात ओळखीची कळ आली आणि पाळी सुरू झाली.

दोन दिवसांनी मी कॅलेंडर घेऊन बसले. ३९ मधून १४ गेले, म्हणजे बीज २५ व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडलं असावं. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात. ११ व्या दिवसाचे १६ पर्यंत, १६ व्याचे २१ पर्यंत. २१ आणि २५ च्या मधे चारच दिवस होते. हा अंदाज आहे, बीज थोडं आधीही बाहेर पडलं असतं. तो बाजूला बसून ऐकत होता, आणि चार हा आकडा ऐकून तोही गप्प झाला.

याच पाळीच्या पाचव्या दिवशी मी कॉपर टी बसवून घेतली. तीच संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर इमर्जन्सी उपाय म्हणूनही चालते, आणि गोळीपेक्षा जास्त खात्रीची असते, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या पाळीनंतर दोरा तपासायला बोलावलं आहे. ती तारीख त्याने स्वतःच्या फोनमध्येही टाकून ठेवली आहे.