चौथीतली आजी

स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला आणि मी जरा घाबरलोच. गुणवत्ता यादीच्या फळ्यावर माझं नाव कधी लागलं नाही. शाळेत मी गाजलो तो एकदाच. जानेवारी १९७८च्या स्नेहसंमेलनात, आणि तेही लुगडं नेसून.

आपली शाळा मुलांची. त्यामुळे नाटकात आई, बहीण, आजी, जे कोणी लागेल ते आमच्यातूनच निघायचं. त्या वर्षी बाईंनी स्वतःच वीस मिनिटांचं नाटुकलं लिहिलं होतं. लष्करातल्या मुलाच्या पत्राची वाट बघणारी म्हातारी आणि तिच्या दारावरून रोज रिकाम्या हातानं जाणारा पोस्टमन. पोस्टमन व्हायला अख्खा वर्ग तयार, म्हातारी व्हायला कोणी नाही. बाईंनी डोळे मिटून हजेरीपटावर बोट ठेवलं, ते माझ्या नावावर पडलं. डोळे पूर्ण मिटलेले होते असं मला अजूनही वाटत नाही.

दोन दिवस 'ए आजीबाई' चाललं. तिसऱ्या दिवशी बाईंनी गणिताचं पुस्तक मिटून नारायणराव राजहंसांची गोष्ट सांगितली. आमच्या लेखी बालगंधर्व म्हणजे जंगली महाराज रस्त्यावरचं थिएटर. ते १९६८चं, मीही १९६८चा. ते एका पुरुषाला मिळालेलं नाव आहे, तो शकुंतला, भामिनी, रुक्मिणी व्हायचा आणि त्याचं बघून बायका तशा साड्या नेसायच्या, हे ऐकून वर्ग गप्प झाला. चिडवणं थांबलं नाही, पण त्यातला जोर गेला.

घरी वेगळाच प्रयोग. शनिवार पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, त्यात वडिलांचा आवाज. "शिष्यवृत्तीचं वर्ष, आणि हा लुगडं नेसणार?" तेव्हा ती परीक्षा चौथीला असायची. शिष्यवृत्ती मिळाली नाही. खापर अर्थातच लुगड्यावर फुटलं.

तालमीत मी कंबरेत वाकलो, आवाज थरथरवला, मधेमधे खोकलो. बाई म्हणाल्या, "अरे राजा, ही नाटकातली म्हातारी झाली. घरी आजी आहे ना? ती जमिनीवरून उठते कशी ते बघून ये. तिला सांगू नकोस."

आठवडाभर बघितलं. आजी भिंतीला टेकून तांदूळ निवडायची, मी पाटी घेऊन समोर. निवडून झालं की आधी सूप हातभर लांब सरकवायची. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा जमिनीवर. 'अगं आई गं' ती उठताना म्हणत नसे, उठायच्या आधी म्हणायची, मोट ओढणाऱ्या बैलांना हाक घालावी तसं. आणि उभी राहिली की चौकट धरून क्षणभर थांबायची. मला वाटायचं, कुठे जायचं ते विसरली. विसरलेली नसायची, पायात बळ यायची वाट बघायची. नऊ वर्षं त्याच दोन खोल्यांत तिच्यासोबत राहत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं.

त्या वयात मुलग्यांना पळा, पाठ करा, हाताची घडी घाला एवढंच सांगतात. दुसऱ्याकडे नीट बघ, असं मला बाईंखेरीज कोणी सांगितलं नाही. आमच्यातला एकजण बोलताना अडखळायचा. पोवाड्यात त्याला डफ दिला, तर गाताना एकदाही अडला नाही. पण ते आधी बाईंच्या कानानं टिपलं होतं. हल्लीच्या संमेलनांत आवाज सीडीवरचा, नाच शिकवणारा बाहेरचा, मुलं फक्त हातवारे करतात. झगमगाट छान असतो. एवढंच म्हणतो.

मी पुढे एस.टी.त लागलो. आता स्वारगेटला चौकशी खिडकीत बसतो, निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. पाटीकडे बघत उभ्या राहिलेल्या म्हातारीला वाचता येत नाही, हे मला तिच्या मानेवरून कळतं. ती विचारायच्या आत मी तिची गाडी सांगतो. सहकारी म्हणतात, तुला ज्योतिष येतं.

संमेलनाच्या दिवशी लुगडं आजीनंच नेसवलं, दुहेरी घडी घालून, वर नाडीनं करकचून बांधून. तिसरी घंटा झाली. सूप सरकवलं, 'अगं आई गं' म्हणालो, आणि सभागृह हसून फुटलं. मग चौकट धरून थांबलो तेव्हा हसू हळूहळू विरलं. विंगेतला प्रॉम्प्टर मी वाक्य विसरलो असं समजून जोरजोरात सांगत सुटला. मी हललो नाही.

रात्री जेवताना आजी काहीच बोलली नाही. मी मनातून टरकलो होतो. अंथरुणं घालून झाल्यावर म्हणाली, "चांगलं केलंस हो. पण दुखतो तो माझा उजवा गुडघा. तू डावा धरलास."

समोर बसून बघत होतो ना.