दुसऱ्या फळीची वही: आता लीगनुसार नाही, रिंकनुसार

मंडळी, इंग्लंडच्या दुसऱ्या फळीतल्या आइस हॉकीची वही गेल्या महिन्यात मी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतली. जुनी मांडणी लीगच्या नावानुसार होती, आणि दर काही हंगामांनी ती मोडून पडायची.

१९९६ मध्ये सर्वांत वरची सुपरलीग सुरू झाली, ८ क्लब वर गेले, बाकीचे खाली उरले. १९९७ पासून ब्रिटिश नॅशनल लीग (बीएनएल) दुसरी आणि इंग्लिश प्रीमियर तिसरी. २००५ मध्ये नॅशनल बंद पडली आणि प्रीमियर आपसूक दुसरी झाली. २०१७ मध्ये तिचंही दुकान बंद. पुढचे दोन हंगाम एनआयएचएलचे (नॅशनल आइस हॉकी लीगचे) उत्तर आणि दक्षिण हे विभाग मिळून दुसरी फळी, आणि २०१९ पासून परत एकच नॅशनल डिव्हिजन, सुरुवातीला १० संघांचा. माझ्या वहीत ‘प्रीमियर’ या एका शीर्षकाखाली अर्धी पानं तिसऱ्या फळीची निघाली, अर्धी दुसऱ्या. तुलना करणार तरी कशाची कशाशी?

मुंबई क्रिकेटच्या कांगा लीगच्या डिव्हिजन बघत वाढलेल्यांना एक गोष्ट पचायला जड जाते. इथे जिंकून वर जाता येत नाही. वरच्या लीगला अर्ज करायचा, पैसा आणि रिंक (बर्फाचं मैदान) दाखवायची, मग जागा मिळाली तर मिळाली. २०१६-१७ चा हंगाम बघा. जानेवारीत मँचेस्टर फिनिक्स मध्येच बंद पडला. लीग जिंकली टेलफर्ड टायगर्सनी. हंगाम संपल्यावर गिल्डफर्ड फ्लेम्स आणि मिल्टन कीन्स लाइटनिंग हे क्लब आताच्या सर्वांत वरच्या एलिट लीगमध्ये गेले, आणि विजेता टेलफर्ड एनआयएचएलच्या उत्तर विभागात उतरला. मला वाटतं, या लीगचा स्वभाव समजून घ्यायचा तर हा एवढा एक उन्हाळा नीट वाचावा. गुणतालिकेत त्याचा मागमूसही नाही.

विभागांची ती दोन वर्षं मात्र मला मनापासून आवडतात. उत्तरेत टेलफर्ड, शेफिल्ड स्टीलडॉग्ज, हल पायरेट्स, व्हिटली वॉरियर्स, आणि त्यांच्या जोडीला सीमेपलीकडच्या डम्फ्रीसचे सोलवे शार्क्स, म्हणजे चक्क स्कॉटलंडचा संघ. दक्षिणेत बेसिंगस्टोक, स्विंडन, पीटरबरो, ब्रॅकनेल, स्ट्रेटम. शनिवारी घरी, रविवारी परगावी असा बेत, आणि बहुतेक खेळाडू सोमवारी कामावर. अंतर कमी असलं की अशी लीग जगते. मोठ्या लीगचे चाहते या दोन हंगामांना ‘मधला काळ’ म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही.

आता नव्या मांडणीबद्दल. प्रत्येक रिंकला एक पान. पहिलं पान स्विंडनच्या लिंक सेंटरचं केलं, कारण जुन्या मांडणीत याच क्लबने मला सर्वांत जास्त घोळात टाकलं होतं. १९८६ मध्ये वाइल्डकॅट्स म्हणून सुरुवात, मग आइसलॉर्ड्स, चिल, फिनिक्स, लिंक्स, आणि २००४ मध्ये परत वाइल्डकॅट्स. माझ्याकडे यांची पाच वेगवेगळी कार्डं होती, जणू पाच क्लब. परवा जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेली, आइसलॉर्ड्स नाव असलेली सामन्याची पुस्तिका उघडली. मधली पानं ओलीने चिकटलेली. टीपकागद घालून, वर जाड शब्दकोश ठेवून दोन रात्री दाबली, मग पोस्टकार्डाच्या कडेने हळूहळू सोडवली. खेळाडूंच्या यादीशेजारी कोणीतरी पेन्सिलीने गोलांच्या रेघा ओढलेल्या, आपण किराणा मोजताना मारतो तशा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, पिरियडपाशी टोक मोडलं असावं, तिथून पुढे निळं बॉलपेन. तो माणूस शेवटपर्यंत बसून होता, एवढं त्या रेघा सांगतात. ही पुस्तिका आता लिंक सेंटरच्या पानाला जोडली, आणि पाचही कार्डं एका पाकिटात गेली.

रिंकनुसार लिहायला लागल्यावर बेघर हंगामही लगेच दिसू लागले. मिल्टन कीन्सची रिंक २०१३ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाली आणि लाइटनिंग २०१५ च्या सुरुवातीपर्यंत कोव्हेंट्रीत ‘घरचे’ सामने खेळत राहिले. लीड्स चीफ्सनी २०१९-२० चा हंगाम सुरू केला तेव्हा त्यांची रिंक बांधूनच झाली नव्हती. ब्रॅकनेलचं दुःख वेगळं आहे. तिथली १९८७ ची रिंक २०२० मध्ये कायमची बंद झाली, तिथला ‘ब्रॅकनेल बीज’ हा संघ स्लाऊला गेला आणि नावातून गाव गळालं. ब्रॅकनेलच्या पानावर शेवटची ओळ लिहायला मला आठवडा लागला. शेवटी फक्त साल लिहिलं आणि खाली जागा मोकळी ठेवली.

आजपर्यंत सात पानं पूर्ण झाली. पुढच्या महिन्यात गिल्डफर्डचं स्पेक्ट्रम, १९९३ पासून. कोणाकडे बीएनएलच्या काळातल्या फ्लेम्सच्या पुस्तिका असतील तर फक्त मधल्या पानाचा फोटो पाठवा. पेन्सिलीच्या खुणा असतील तर त्या पुसू नका.